आता तुम्ही बोला

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत वाळवणीच्या यंत्रातून गरम चादर बाहेर आली की तिचं एक टोक आत्याच्या हातात आणि दुसरं तिच्या जोडीला काम करणाऱ्या जाडीच्या. दोघींनी चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींच्या दिशेने चालत यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे सरायचं. जवळ आल्या की बोलायचं, लांब गेल्या की थांबायचं, कारण यंत्रांच्या घरघरीत लांबून काही ऐकूच जायचं नाही. त्यामुळे आदल्या दिवशीचा खटला आत्या जाडीला हप्त्याहप्त्याने सांगायची. एका चादरीला भाडेकरूने कुत्रा पाळलेला असायचा, पुढच्या चादरीला घरमालकिणीने त्या कुत्र्याला गच्चीवर कोंडलेलं असायचं आणि त्याच्या पुढच्या चादरीला जजबाईंनी चष्मा काढलेला असायचा.

"चष्मा काढला म्हणजे काय गं?" जाडीने एकदा विचारलं.

"म्हणजे समोरचा संपला."

रोज संध्याकाळी पाचला टीव्हीवर कोर्टाचा कार्यक्रम लागे. खरी माणसं, खरी भांडणं, असं सुरुवातीला मोठ्या अक्षरांत यायचं, आणि आत्याची त्या अक्षरांवर एखाद्या पोथीवर असावी तशी श्रद्धा होती. जाडीची अजिबात नव्हती. ती म्हणायची, खरी भांडणं घेत असते तर माझ्या नवऱ्याला त्यांनी कधीच गाडी पाठवून नेलं असतं. आत्याला असलं बोलणं खपायचं नाही. पुढच्या दोन-चार चादरींना ती तोंड फिरवून उभी राहायची आणि मग पोटात राहीनासं झालं की पुन्हा सुरू करायची.

घरी वहिनी म्हणायची, आमच्या वन्संना दुसऱ्यांच्या घरातली उणीदुणी चघळायला मिळाली की चहासुद्धा लागत नाही. तसं बघायला गेलं तर ते खोटं नव्हतं. पण आत्याला त्या कार्यक्रमाचं वेड लागलं होतं ते एका वाक्यापायी. जजबाई आधी एका बाजूचं सगळं ऐकून घ्यायच्या. मग मान वळवायच्या, दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही बोला." समोरचा कसाही असो, गबाळा असो, तोतरा असो, चार घरं बुडवून आलेला असो, त्यालाही हे वाक्य मिळायचंच. ते ऐकलं की आत्या पलंगावर पुढे सरकून बसायची.

तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. दोन्ही गोष्टी बाहेरच्या खोलीत ठरल्या. मोडायच्या दिवशी ती आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. बाहेर कपबश्यांचे आवाज, खाकरणं, मध्येच कुणाचं तरी हसणं. ही मुलगी घुम्यासारखी गप्प असते, असं सासरचे म्हणाले आणि तोंडाला तोंड देते, असंही तेच म्हणाले. दोन्ही एकदम कसं, हे विचारावं असं कुणाला सुचलं नाही. आतल्या माणसालाही एकदा विचारून घ्यावं, हे तर त्याहून नाही. शेवटी दादा आत आला, तिची बॅग उचलली आणि म्हणाला, "चल." ती चालू लागली. त्यानंतर आईवडिलांची दुखणी तिने काढली, ती दोघं गेली, दादाचं लग्न झालं, चिमणी जन्मली, मोठी झाली, आणि आत्या स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत होती तिथेच राहिली. एक पलंग, भिंतीतलं कपाट, दादाने नवा घेतल्यावर तिच्या वाट्याला आलेला जुना टीव्ही. जगात तिचं म्हणावं असं एवढंच. वहिनीचा त्या खोलीवर बऱ्याच दिवसांपासून डोळा होता. कपडे धुवायचं यंत्र न्हाणीघरात दाटीवाटीने उभं होतं आणि वहिनीला ते त्या खोलीत हवं होतं, शेजारी इस्त्रीचं टेबल मांडून. ती उघड काही म्हणायची नाही. फक्त कधीमधी दारात उभी राहून भिंतीपासून भिंतीपर्यंत नजर फिरवायची.

देवाने माणसाला डोळे दिले ते दुसऱ्याचं दुःख दिसावं म्हणून, असं आपण मानतो. आत्या मात्र दुसऱ्याला तोंडावर पडताना बघायला शिकली. पडद्यावर कुणी खोटारडा उघडा पडायला लागला, त्याच्या कपाळावर घाम आला, जीभ अडखळली, की ती आवाज वाढवायची. एकदा एक म्हातारा आपल्याच मुलासमोर रडायला लागला, त्याने मुलाची सायकल विकून ती चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं. तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते प्रार्थनेला बसल्यावरसुद्धा कधी पसरलं नव्हतं. तिचे आडाखेही तयार झाले होते. जो न विचारलेले तपशील देतो तो खोटा. जो उत्तर देण्याआधी आपल्या सोबत्याकडे बघतो तो खोटा. आणि सगळ्यांत वरचा आडाखा असा, की जो स्वतःची लहानशी चूक आपण होऊन आधी कबूल करतो, तो जिंकतो. जजबाई म्हणायच्याच, हा माणूस स्वतःचं उणं लपवत नाही, म्हणजे बाकीचंही खरंच सांगत असणार. आत्याने हे इतक्यांदा बघितलं होतं, की निकाल लागायच्या आधीच ती "हा सुटला" म्हणून मोकळी व्हायची, आणि तो सुटायचाच.

या विद्येचा पहिला प्रयोग तिने लॉन्ड्रीतच केला. तिथे एक हसरी म्हणून होती, टाके घालायच्या टेबलावर बसायची, येता-जाता दात दाखवायची. फाटक्या चादरी मोडीत जाण्याआधी मोजणीत कमी भरायला लागल्या होत्या आणि मुकादमीण सगळ्यांवरच डाफरत होती. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका डबे उघडून बसलेल्या असताना, आत्याने हसरीला शांतपणे विचारलं, तुझ्या घरी पडदे कसले आहेत गं? हसरीने पडद्यांचा रंग सांगितला, कापड सांगितलं, दुकान सांगितलं, दुकानदाराची भाचीसुद्धा सांगितली. आत्या म्हणाली, "मी फक्त कसले एवढंच विचारलं होतं." हसरी हसायची थांबली. बायकांनी घास तोंडातच ठेवले. आत्याने आणखी दोन प्रश्न विचारले आणि हसरी रडत म्हणाली, फाटक्याच होत्या ना, कुणाच्या अंगावर घालणार होते त्या, पोरांच्या अंगाखाली घातल्या. संध्याकाळपर्यंत तिला कामावरून काढलं. त्या रात्री आत्याला गाढ झोप लागली. जाडी मात्र पुढे कितीतरी दिवस चादर धरून जवळ यायची आणि एक शब्द न बोलता मागे जायची.

"फाटकी चादर होती," शेवटी जाडी म्हणाली.

"खोटं बोलली ती."

"तुला विचारायला कुणी बसवलं होतं?"

याचं उत्तर आत्याकडे होतं, पण तोवर दोघी लांब गेल्या होत्या.

आता चिमणीचं सांगायला हवं. चिमणी म्हणजे दादाची एकुलती मुलगी, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दिसायला गोड, बोलायला मऊ. लहानपणापासून तिला फीट यायची. गोळ्या नियमित घेतल्या की येत नसे, आणि गेली काही वर्षं आलीही नव्हती. पण ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असा वहिनीचा सक्त हुकूम होता. सगळ्यांनी तो पाळला. आत्याने तर सगळ्यांपेक्षा जास्त पाळला, कारण चिमणीला फीट यायची तेव्हा तिचं डोकं मांडीवर धरून बसायची ती आत्याच. वहिनीला ते बघवायचं नाही, ती दुसऱ्या खोलीत जायची.

चिमणीचं लग्न ठरलं. मुलगा विमा कंपनीत होता, आईचा एकुलता आणि आईच्या मुठीतला. ती बाई घर बघायला आली तेव्हा पाणी मागायला म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरली. फळीवर गोळ्यांची पट्टी पडली होती. कुणाच्या, म्हणून तिने सहज विचारलं. आत्या गॅसपाशी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "चिमणीच्या." आणि लगेच तिने सावरून घेतलं, "ताकदीच्या आहेत, मुलांना शिकवून दमते ना." बाई हसली, पाणी प्यायली आणि बाहेर गेली. तेव्हा स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. आत्याने हे कुणालाही सांगितलं नाही.

पुढे लग्नाची तारीख काढायची बोलणी सुरू झाली आणि एक दिवस मुलाच्या आईचा फोन आला. मुलीला आजार आहे असं आमच्या कानावर आलंय, तुमच्याच घरातून आलंय, आम्हाला फसवायला निघालात, इथून पुढे फोन करू नका. वहिनीने फोन ठेवला आणि ती जी सुरू झाली ती थांबेचना. तिने दादाला धारेवर धरलं, भिंतीला ऐकवलं, देवाला ऐकवलं. मग आत्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ज्याने तोंड उघडलं तो या घरात राहणार नाही," ती म्हणाली. "मग तो कुणीही असो."

घरात माणसं चार. बाप, आई, लेक आणि ही. कुणाविषयी बोलणं चाललंय हे सांगायला नको होतं.  तेवढ्यात दादा मागून म्हणाला, "असं एकतर्फी नको. रविवारी जेवणं झाली की सगळे बसू. तिचंही ऐकून घेऊ. रीतसर."

रीतसर हा शब्द आत्याच्या डोक्यात घुमत राहिला. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती, खोली जाण्याची भीती होतीही. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी वेगळंच होतं, लग्न ठरलेल्या मुलीला होतं तसलं. तिला विचारणार होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत तिला बसवून विचारणार होते. दुसऱ्या दिवशी तिने चादरीचं टोक हातात घेतलं आणि जाडीला सगळं सांगितलं, काय बोलणार, कुठून सुरुवात करणार. गोळ्यांच्या पट्टीची गोष्ट मी आधी आपण होऊन सांगणार, म्हणजे बाकीचं त्यांना पटेल.

जाडी चादर हातात घेऊन तशीच उभी राहिली. "ती पट्टीची गोष्ट कुणाला माहितीये?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस."

"तसं नसतं गं. आपलं उणं आपण सांगायचं असतं."

"अगं बाई, ते टीव्हीवर. तिथे जजबाईला खोली नको असते."

आत्याने चादर हिसका देऊन ताणली. जाडीला यातलं काही कळत नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

रविवारी तिने आंघोळ करून इस्त्रीचे कपडे घातले, केस विंचरले, देवासमोर हात जोडले. बाहेरच्या खोलीत दादा मोठ्या खुर्चीत बसला होता. त्याचं नळ-पाइपांचं दुकान होतं, तिथला फरशी ठोकायचा रबरी हातोडा त्याने आणून टीपॉयवर ठेवला होता. वहिनी सोफ्यावर होती. चिमणी खिडकीपाशी स्टुलावर बसून नखं बघत होती. वहिनीने आपला मोबाइल टीव्हीच्या फळीवर पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला. पुरावा राहू दे, ती म्हणाली. आत्याला तेसुद्धा बरोबरच वाटलं. तिथेही कॅमेरा असतोच.

आधी वहिनी बोलली. वन्संना पहिल्यापासून चिमणीचं चांगलं बघवत नाही, स्वतःचा संसार झाला नाही म्हणून दुसऱ्याचा होऊ द्यायचा नाही, लॉन्ड्रीतल्या बायकांमध्ये बसून घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडतात, असं बरंच काही. आत्या मध्ये बोलली नाही. मध्ये बोलणाऱ्याला जजबाई झापतात. वहिनीचं संपलं तेव्हा दादाने हातोडा उचलून टीपॉयवर टेकवला, धप्प असा मेलेला आवाज आला, आणि बहिणीकडे बघून तो म्हणाला:

"आता तुम्ही बोला."

वहिनी फिस्सकन हसली. आत्याला ते हसू ऐकूही आलं नाही. दादाने आयुष्यात तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ती उभी राहिली, हात समोर जोडून धरले, मान वर ठेवली आणि सरळ दादाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "सगळ्यांत आधी मी माझी चूक सांगते. मुलाच्या आईने गोळ्यांची पट्टी बघितली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की चिमणीच्या आहेत. मी बोलले. ती चूक माझी."

खोलीत एकदम शांतता झाली. आत्याला ही शांतता ओळखीची वाटली. अशा वेळी जजबाई मान हलवतात. तिने श्वास घेतला आणि पुढचं वाक्य जुळवलं, पण ताकदीच्या आहेत म्हणून मी लगेच सावरलं, आजाराचं नाव माझ्या तोंडून कुणासमोर कधी निघालेलं नाही. हे वाक्य तोंडाबाहेर पडलंच नाही. त्याआधी वहिनी उठली होती.

"झालं," वहिनी म्हणाली. "स्वतःच्या तोंडाने बोलल्या. ऐकलंत ना?"

"थांबा वहिनी, माझं संपलं नाही."

दादाने हातोडा आपटला. "कोर्टात आवाज चढवायचा नाही."

"दादा, मी फक्त पट्टीचं बोलले. बाकीचं ऐक तरी."

"विचारल्याशिवाय तपशील देऊ नका," दादा म्हणाला. हे जजबाईंचं वाक्य आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी त्याने ते ऐकलं होतं. वहिनीला पुन्हा हसू आलं, आणि या वेळी ते आत्याला ऐकू आलं.

आत्या चिमणीकडे वळली. "चिमणे, तू तरी सांग. मी कधी कुणाला काही सांगितलंय का?"

चिमणीने आधी बापाकडे बघितलं, मग नखांकडे. "मला काय माहीत आत्या. माझं डोकं दुखतंय. लवकर संपवा ना."

दादाने निकाल दिला. महिनाअखेरीस आत्याने खोली रिकामी करायची, लॉन्ड्रीच्या मागे कामगार बायकांचं वसतिगृह आहे तिथे सोय होते, त्याने चौकशी करून ठेवली होती. सगळे उठले. वहिनीने मोबाइल उचलून पेला स्वयंपाकघरात नेला. आत्या तशीच उभी होती. तिला अजून वाटत होतं, की कुणीतरी तिला खाली बसा म्हणेल.

संध्याकाळपर्यंत वहिनीने तो व्हिडिओ कातरून त्याच्यातलं फक्त एवढंच ठेवलं: "मी बोलले. ती चूक माझी." खाली लिहिलं, की मुलीच्या संसाराला दृष्ट लावणारी बाई घरातच निघाली, नाही तो आजार हिने बनवून सांगितला, आज तिने कबुली दिली. मुलाच्या आईला पाठवलं, नातेवाइकांना पाठवलं, ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही पाठवलं. सोमवारी तो लॉन्ड्रीत पोहोचला. बायका जेवणाच्या सुट्टीत एका मोबाइलभोवती डोकी घालून बसल्या होत्या. आत्या आल्यावर त्या पांगल्या, पण टाक्यांच्या टेबलावरून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मी बोलले, ती चूक माझी," आणि सगळीकडे खसखस पिकली. पुढे तो खेळच झाला. कुणाच्या हातून डाग राहिला, कुणाचं बटण तुटलं, की मान वर करून, हात जोडून, तेच वाक्य. मुकादमीणसुद्धा एकदा म्हणून गेली. हसरीपर्यंत व्हिडिओ गेल्याचं कळलं. तिने उलट काही लिहिलं नव्हतं, फक्त हसणारा एक चेहरा पाठवला होता.

जाडी हसली नाही. ती चादर घेऊन जवळ आली आणि म्हणाली, वसतिगृहात जाऊ नकोस, तिथे ढेकूण आहेत. माझ्याकडे ये म्हणावं तर नवरा आहे. तेव्हा ढेकूणच बरे. एवढं बोलून ती मागे गेली.

त्याच आठवड्यात मुलाच्या आईचा फोन आला. तिला पटलं होतं. घरोघरी अशी एखादी जळकी बाई असतेच, ती म्हणाली, तुम्ही तिला वेळेवर ओळखलंत हे बरं झालं. मुलानेही आईला सांगितलं होतं, की हो, मला चिमणीच्या आत्यानेच सांगितलं होतं, मी उगाच विश्वास ठेवला. लग्न पुन्हा जमलं. घरात पाहुणे यायला लागले आणि ते आले की वहिनी आत्याला सांगायची, जरा आतच बसा. आत्या त्या मुलाशी उभ्या आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. तो असं का म्हणाला असेल, याचा विचार करता करता तिचं डोकं फुटायची वेळ आली. पाचला कार्यक्रम लागायचा. ती बघायची, पण आता निकाल तिला आधी ओळखता यायचे नाहीत.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी चिमणी तिच्या खोलीत आली. हातात आपला जुना स्वेटर होता, तिकडे गार असतं म्हणून आत्याला द्यायला आणलेला. पलंगावर बसली, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, फीटनंतर ठेवायची तसंच.

"आत्या, रागावली नाहीस ना माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

चिमणीने स्वेटरची बाही बोटाला गुंडाळली. मग छताकडे बघत म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला. आपल्या माणसापासून काय लपवायचं, असं वाटलं. त्याच्या पोटात राहिलं नाही, त्याने आईला सांगितलं." आणि वर, जणू आत्याला बरं वाटावं म्हणून, "तू आहेस म्हणून सगळं नीट झालं गं."

आत्याने तिचं डोकं हळूच बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि ती निघाली. चिमणी मागून हाका मारत होती. आत्याला राग आला नव्हता. उलट तिच्या पायांत किती दिवसांनी जोर आला होता. खरं बाहेर आलं होतं. खरं बाहेर आलं की निकाल फिरतो, हे तिने असंख्य वेळा बघितलं होतं. शेवटच्या क्षणी साक्षीदार येतो, जजबाई हात वर करतात, म्हणतात थांबा, आणि मघाशी हरलेला माणूस जिंकून बाहेर पडतो. दादा कडक आहे, पण दुष्ट नाही. त्याला माहीत नव्हतं म्हणून तसं झालं. दुकानापर्यंत ती हीच वाक्यं मनात घोळवत गेली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक माणूस बेसिनच्या नळांची दोन डिझाइनं हातात घेऊन कुठलं घ्यावं याच्या विचारात पडला होता आणि दादा त्याला पितळ आणि पत्रा यांतला फरक समजावून सांगत होता. त्याने बहिणीला हातानेच थांब म्हटलं. ती काउंटरच्या कडेला उभी राहिली. गिऱ्हाईक बाहेर उजेडात नळ बघायला गेलं तेव्हा ती एका दमात बोलली. चिमणीनेच सांगितलं होतं, आत्ता ती माझ्यापाशी कबूल झाली, मुलगा आईपाशी खोटं बोललाय, तू तिला बोलावून विचार, माझ्यासमोर विचार.

दादाने काउंटरवरचा कागद गुंडाळून टोपलीत टाकला. "हळू बोल," तो म्हणाला. "मला माहितीये."

"कधी कळलं?"

"मुलगा दुकानात आला होता. लग्न मोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्याला चिमणी हवीच होती. म्हणाला, आईला कुणाचं तरी नाव सांगावं लागेल, की त्या माणसाने बनवून सांगितलं, तरच ती ऐकेल." दादा काच पुसायच्या फडक्याने हात पुसत होता. "आता कुणाचं नाव सांगणार? मुलीचं लग्न आहे. तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही, तिला सांगू नकोस. ती खरंच तुला दोषी धरून बसलीये, बसू दे. तिचा जीव शांत आहे."

 आत्याच्या डोळ्यांसमोर बाहेरची खोली आली, मोठी खुर्ची, खिडकीतली चिमणी, नखं. चिमणीला सगळं माहीत होतं. दादाला सगळं माहीत होतं. ती एकटीच आंघोळ करून, केस विंचरून आली होती.

"मग सरळ जा म्हणायचं," ती म्हणाली. "मी गेले असते. तू चल म्हणालास तेव्हा आले, जा म्हणाला असतास तर गेले असते. मला उभं करून विचारलंस कशाला?"

दादाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. बहिणीसाठी काहीतरी केल्याचा भाव होता.

"तुला आवडतं म्हणून," तो म्हणाला. "रोज बघत बसतेस ते. म्हटलं, जायचंच आहे तर तुझ्या आवडीने जाऊ दे."

गिऱ्हाईक दारातून परत आलं, पितळेचाच देऊन टाका म्हणालं. दादा खोका शोधायला वळला. आत्या पायरी उतरून रस्त्यावर आली तेव्हा त्याने आतूनच हाक मारून सांगितलं, की टीव्ही न्यायचा असेल तर शनिवारच्या आत ने, रविवारी रंगारी येतोय.